मेर्सेन संख्या, सदुसष्ट घातांकाची

(२⁶⁷ − १). दोन या संख्येच्या सदुसष्टाव्या घातातून एक वजा केला असता मिळणारी एकवीस अंकी पूर्णांक संख्या. दशमान पद्धतीत ती १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ अशी लिहिली जाते. ही संख्या मूळ (अविभाज्य) आहे, असे विधान फ्रेंच गणितज्ञ मारँ मेर्सेन (१५८८–१६४८) यांनी १६४४ मध्ये केले होते. ते चुकीचे असल्याचे १८७६ मध्ये सिद्ध झाले आणि तिचे अवयव १९०३ मध्ये मिळाले. एखादी संख्या संयुक्त आहे हे जाणणे आणि तिचे अवयव जाणणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या संख्येच्या इतिहासावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसऱ्या कोणत्या संख्येवरून होत असेल.

स्वरूप व आकारमान : भास्कराचार्यांच्या लीलावतीत दिलेल्या स्थानमालिकेतील शेवटचे स्थान परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये हे होय. प्रस्तुत संख्या अशा सु. १,४७५ परार्धांइतकी भरते. बुद्धिबळाच्या पटावरील पहिल्या घरात धान्याचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार याप्रमाणे दुप्पट दाणे ठेवीत गेल्यास चौसष्ट घरांत मिळून २⁶⁴ − १ दाणे होतात, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याच पटाला आणखी तीन घरे जोडली, तर एकूण दाण्यांची संख्या प्रस्तुत संख्येएवढी होईल. द्विमान पद्धतीत ही संख्या लिहिल्यास ओळीने सदुसष्ट एक येतात व एकही शून्य येत नाही. तिच्या एकम स्थानचा अंक ७ आहे कारण दोनच्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ या क्रमाने पुनःपुन्हा येतात आणि ६७ ला ४ ने भागल्यास बाकी ३ उरते. त्यामुळे २⁶⁷ चा शेवटचा अंक ८ ठरतो.

दोनच्या कोणत्याही घातातून एक वजा करून येणाऱ्या संख्येस मेर्सेन संख्या म्हणतात. घातांक संयुक्त असेल, तर मेर्सेन संख्याही संयुक्तच असते. उदा., १५ हा ३ व ५ यांचा गुणाकार असल्याने २¹⁵ − १ या संख्येस २³ − १ = ७ आणि २⁵ − १ = ३१ या दोन्हींनी भाग जातो. म्हणून घातांक मूळ असणे आवश्यक आहे पण तेवढे पुरेसे नाही. ११ ही मूळ संख्या असूनही २¹¹ − १ = २,०४७ = २३ × ८९ अशी फोड होते. ६७ हा घातांक मूळ आहे, एवढ्यावरून २⁶⁷ − १ विषयी काहीच ठरत नाही. [⟶ मूळ संख्या].

मेर्सेन यांची यादी : या संख्यांविषयीच्या कुतूहलाचे मूळ परिपूर्ण संख्यांच्या अभ्यासात आहे. जी संख्या स्वतःखेरीज इतर सर्व भाजकांच्या बेरजेइतकी असते, तिला परिपूर्ण संख्या म्हणतात. उदा., ६ = १ + २ + ३. यूक्लिड यांनी इ. स. पू. सु. ३०० मध्ये असे दाखविले की, दोनच्या एखाद्या घातातून एक वजा करून येणारी संख्या मूळ असेल, तर तिला दोनच्या लगतच्या खालच्या घाताने गुणल्यास परिपूर्ण संख्या मिळते. सर्व सम परिपूर्ण संख्या याच रूपाच्या असतात, हे अठराव्या शतकात लेओनार्ट ऑयलर (१७०७–८३) यांनी सिद्ध केले. म्हणून सम परिपूर्ण संख्या शोधणे म्हणजे मूळ असणाऱ्या मेर्सेन संख्या शोधणे होय.

मेर्सेन हे मिनिम पंथाचे ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. त्यांच्या काळातील अनेक गणितज्ञांशी व शास्त्रज्ञांशी त्यांचा पत्रव्यवहार असे. १६४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी असे विधान केले की, २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी फक्त २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ या अकरा घातांकांना मूळ संख्या मिळतात आणि बाकी सर्व घातांकांना संयुक्त संख्या मिळतात. या विधानाची सिद्धता त्यांनी दिली नाही. यांपैकी ३१ पर्यंतचे घातांक बरोबर असल्याचे १७७२ पर्यंत निश्चित झाले. ३१ हा घातांक ऑयलर यांनी तपासला होता. पुढील घातांकांच्या बाबतीत मात्र यादी दोन्ही बाजूंनी चुकली. ६७ व २५७ हे घातांक तिच्यात असावयास नको होते आणि ६१, ८९ व १०७ हे असावयास हवे होते. ६१ हा घातांक मूळ संख्या देतो, असे १८८३ मध्ये रशियन गणितज्ञ पेर्वूशिन यांनी दाखविले, तेव्हा मेर्सेन यांच्या ग्रंथातील ६७ हा ६१ चा मुद्रणदोष असावा, असाही तर्क करण्यात आला. परंतु त्यामुळे यादीतील इतर चुकांचा उलगडा होत नाही. संपूर्ण यादीची तपासणी पुरी होण्यास १९४७ साल उजाडले.

भाजकांचे रूप : २⁶⁷ − १ चा भाजक कोणतीही संख्या असू शकत नाही. समजा, क ही मूळ संख्या तिचा भाजक आहे. मग २⁶⁷ ला क ने भागल्यास बाकी १ राहते. दोनच्या ज्या लहानात लहान घाताला अशी बाकी १ राहते तो घातांक ६७ चा भाजक असला पाहिजे. ६७ मूळ असल्याने आणि तो घातांक १ असणे शक्य नसल्याने तो ६७ च असतो. प्येअर द फेर्मा (१६०१–६५) यांच्या प्रमेयानुसार हा घातांक क − १ चाही भाजक असतो. क विषम असल्याने क − १ सम आहे. यावरून क − १ ला १३४ ने भाग जातो, म्हणजेच प्रत्येक मूळ भाजक १३४ च्या पटीहून एकाने अधिक असतो. शिवाय २⁶⁸ ला क ने भागल्यास बाकी २ राहते आणि २⁶⁸ हा २³⁴ चा वर्ग आहे. अर्थात २ हा क च्या संदर्भात वर्गशेष ठरतो आणि त्यामुळे क ला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ हीच राहू शकते. या दोन अटींमुळे १३४ च्या पटींपैकी निम्म्या पटी बाद होतात.

एवढ्या चाळणीनंतरही काम थोडे राहत नाही. संख्येचे वर्गमूळ सु. १,२१४ कोटी ८० लक्ष आहे आणि तेथपर्यंत भाजक शोधावा लागण्याचा संभव असतो. प्रत्यक्षात तिचा लहान अवयव १३४ च्या १४,४५,५८० व्या पटीच्या पुढची संख्या आहे. म्हणजे वरील दोन अटी पाळून एकेक भाजक तपासत गेल्यास त्याच्यापर्यंत पोहोचण्यास ७,२२,७९० भागाकार करावे लागतात. रोज शंभर भागाकार केले, तरी या कामास सु. वीस वर्षे लागतील. ३, ५, ७ इ. लहान संख्यांनी भाग जाणारे उमेदवार आधीच गाळले, तरी ते काही वर्षांचे काम उरतेच.

ल्यूका यांची कसोटी : एद्वार ल्यूका (१८४२–९१) या फ्रेंच गणितज्ञांनी भाजक शोधण्याचा मार्ग सोडून वेगळीच वाट धरली. त्यांच्या कसोटीला डेरिक हेन्री लेमर यांनी १९३० मध्ये जे सुटसुटीत रूप दिले ते असे : पहिले पद ४ घ्यावे व प्रत्येक पदाचा वर्ग करून त्यातून २ वजा करावे. यामुळे ४, १४, १९४, ३७६३४, ... अशी श्रेणी मिळते. घातांक विषम मूळ असता घातांकाहून एकाने कमी अशा क्रमांकाच्या पदास मेर्सेन संख्येने निःशेष भाग गेला तर, आणि तरच, ती संख्या मूळ असते. पदे प्रचंड वाढू नयेत म्हणून प्रत्येक पायरीस केवळ बाकी घेऊन पुढे जाता येते. २⁷ − १ = १२७ या संख्येसाठी बाक्या अनुक्रमे ४, १४, ६७, ४२, १११, ० अशा येतात. सहावी बाकी शून्य असल्याने १२७ मूळ ठरते. २,०४७ साठी दहावी बाकी १,७३६ येते व ती संयुक्त ठरते.

२⁶⁷ − १ या संख्येसाठी अशा पासष्ट पायऱ्या कराव्या लागतात. अनेक लक्ष भागाकारांच्या तुलनेने हे काम माणसाच्या आवाक्यातील आहे. ल्यूका यांनी १८७६ मध्ये आपल्या रीतीने २¹²⁷ − १ ही संख्या मूळ असून २⁶⁷ − १ ही संयुक्त असल्याचे जाहीर केले. यांपैकी पहिली संख्या १९५१ पर्यंत सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या होती. दुसरीच्या बाबतीत मेर्सेन यांचे विधान २३२ वर्षांनी खोटे ठरले. मात्र ही कसोटी अवयवांविषयी काहीही सांगत नाही. शेवटची बाकी शून्य नाही, यावरून अवयव आहेत एवढेच निश्चित होते. ते किती आहेत व कोणते आहेत, हे पुढील सत्तावीस वर्षे कोणालाही ठाऊक नव्हते.

कोल यांनी काढलेले अवयव : अमेरिकन गणितज्ञ फ्रँक नेल्सन कोल (१८६१–१९२६) हे न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक होते आणि अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचे दीर्घकाळ सचिव होते. या संस्थेच्या ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्क येथे भरलेल्या सभेत त्यांनी मोठ्या संख्यांच्या अवयवीकरणाविषयीचा आपला निबंध सादर केला. त्यात दिलेली फोड अशी :

२⁶⁷ − १ = १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७.

या प्रसंगाची हकीकत एरिक टेंपल बेल यांनी सांगितली आहे. तीनुसार कोल काही न बोलता फळ्याजवळ गेले, त्यांनी २⁶⁷ ची किंमत काढून तीतून एक वजा केला, नंतर फळ्याच्या मोकळ्या भागात वरील दोन संख्यांचा गुणाकार केला आणि दोन्ही उत्तरे जुळल्यावर ते तसेच जागेवर जाऊन बसले. श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. या कामास किती वेळ लागला, असे बेल यांनी पुढे विचारले तेव्हा कोल यांनी ‘तीन वर्षांतील रविवार’ असे उत्तर दिले, असेही बेल नमूद करतात. बेल यांचा हा वृत्तांत प्रसंगानंतर जवळजवळ अर्धशतकाने छापला गेला. त्यामुळे त्यातील तपशील जपूनच स्वीकारले पाहिजेत. फोडीची सत्यता मात्र कोणाच्याही साक्षीवर अवलंबून नाही. गुणाकार येणारा कोणीही शाळकरी मुलगा ती अर्ध्या तासात पडताळून पाहू शकतो.

कोल यांनी वर्गशेषांचा उपयोग करून संभाव्य अवयवांची व्याप्ती कमी केली. या प्रकारच्या रीतीमागील कल्पना फेर्मा यांची आहे. क व ख हे दोन अवयव असून य ही त्यांच्या बेरजेची निमपट व र ही त्यांच्या वजाबाकीची निमपट असेल, तर संख्या = य² − र² अशी मांडता येते. येथे क − १ व ख − १ या दोहोंना ६७ ने भाग जातो. म्हणून त्यांच्या गुणाकाराला ६७² = ४,४८९ ने भाग जातो आणि त्यावरून य ला ४,४८९ ने भागल्यावर उरणारी बाकी २⁶⁶ च्या बाकीइतकीच असली पाहिजे, असे निष्पन्न होते. म्हणजे दर ४,४८९ संख्यांपैकी एकच विचारात घ्यावी लागते. आठ, तीनचे घात, पाच, सात, तेरा अशा लहान भाजकांच्या साहाय्याने ही चाळणी आणखी बारीक करता येते. प्रत्यक्षात य = ३,८१,०१,५९,८२,५०४ आणि र = ३,८०,८२,२२,७४,७८३ आहे. यांपैकी य ही १,३२,३५,३६,७६० च्या २८७ पटींत १,१६,०९,३२,३८४ मिळवून येते आणि हा मोठा भाजक ६७² × ८ × ८१ × ५ × ७ × १३ इतका आहे. चाळणी एवढी बारीक झाल्यावर, जेथे एरवी काही निखर्व संख्या तपासाव्या लागल्या असत्या तेथे काही शेकडा पुरेशा होतात.

मिळालेले दोन्ही अवयव स्वतः मूळ आहेत, हे दाखविणे त्यामानाने सोपे आहे. त्यांचे मूळ भाजकही वरील दोन अटी पाळणारेच असले पाहिजेत. त्यामुळे लहान अवयवासाठी अवघे ५१ आणि मोठ्या अवयवासाठी ३,२५७ उमेदवार तपासावे लागतात.

इतर गुणधर्म : दोनच मूळ अवयव असल्याने या संख्येस १, वरील दोन अवयव व ती स्वतः असे चारच भाजक आहेत. त्यांची बेरीज १४,७५,७३,९५,३३,५१,७०,८३,७७,९३६ होते. तिच्याहून लहान व तिच्याशी सामाईक भाजक नसलेल्या संख्या १४,७५,७३,९५,१८,२७,६४,४४,४७,९२० आहेत.

प्रस्तुत संख्या मूळ असती, तर २⁶⁶ व ती यांचा गुणाकार ४१ अंकी परिपूर्ण संख्या झाली असती. ती संयुक्त असल्यामुळे या गुणाकाराच्या सर्व भाजकांची बेरीज त्याच्या दुपटीहून थोडी अधिक भरते. मात्र हे आधिक्य दर अब्जामागे सु. पाच इतकेच आहे. परिपूर्णतेच्या इतक्या निकट असूनही ती परिपूर्ण नाही. गणितात निकटतेला येथे काही किंमत नाही.

दुसरा लक्षणीय गुणधर्म आभासी मूळत्वाचा आहे. फेर्मा यांच्या प्रमेयानुसार विषम मूळ संख्येहून एकाने कमी अशा घातांकाचा २ चा घात घेतला व त्यास त्या मूळ संख्येने भागले, तर बाकी १ उरते. याचा व्यत्यास सत्य नाही. ३४१ = ११ × ३१ ही संयुक्त असूनही या कसोटीस उतरते. २⁶⁷ − १ देखील तशीच आहे. तिच्याहून एकाने लहान संख्या २⁶⁷ − २ असून तिला ६७ ने भाग जातो. म्हणून कसोटीतील घात २⁶⁷ चाच एक घात ठरतो व बाकी अपरिहार्यपणे १ येते. २ च्या जागी दुसरी आधारसंख्या घेतल्यास चित्र पालटते. या संख्येहून लहान अशा सर्व आधारसंख्यांपैकी केवळ १,२०६² म्हणजे १४,५४,४३६ आधारसंख्या ही फसवणूक करतात. याचा अर्थ सु. एक लक्ष अब्जांत एक असा होतो. सर्वांत सोपी म्हणून जी आधारसंख्या प्रथम हाती घ्यावी, तीच नेमकी या थोड्यांपैकी एक आहे. [⟶ संख्या सिद्धांत].

आधुनिक महत्त्व : जॉन पोलार्ड यांनी १९७४ मध्ये अवयव शोधण्याची जी रीत मांडली ती, अवयवाहून एकाने लहान असलेल्या संख्येचे सर्व मूळ भाजक छोटे असतील, तर त्वरित फळ देते. कोल यांच्या लहान अवयवाच्या बाबतीत ही संख्या १९,३७,०७,७२० = २³ × ३³ × ५ × ६७ × २,६७७ अशी आहे. तिचा सर्वांत मोठा मूळ भाजक चार अंकीच असल्याने तो अवयव या रीतीने सहज सापडतो. मात्र येथेही आधारसंख्या २ घेऊन चालत नाही कारण तिच्या योगे दोन्ही अवयव एकाच वेळी पकडले जातात व ते परस्परांपासून वेगळे होत नाहीत. आजच्या संगणकास या संख्येची फोड करण्यास एक सेकंदही लागत नाही.

मूळत्व ठरविणे सोपे व अवयव काढणे अवघड, ही ल्यूका व कोल यांच्या कामातून दिसलेली तफावत मोठ्या संख्यांच्या बाबतीत आजही कायम आहे. कोणत्याही संख्येचे मूळत्व तिच्या अंकसंख्येच्या मानाने बेताच्या पायऱ्यांत निश्चितपणे ठरविता येते, असे कानपूर येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील मणींद्र अगरवाल, नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये सिद्ध केले. नेहमीच्या संगणकावर अवयव काढण्याची तशी जलद रीत ज्ञात नाही. रोनाल्ड रिव्हेस्ट, आडी शमीर व लेनर्ड ॲडलमन यांनी १९७७ मध्ये शोधलेली सांकेतिक लेखनपद्धती याच तफावतीवर उभी आहे. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार जाहीर करावा आणि अवयव गुप्त ठेवावेत, हे तिचे सूत्र होय. बँकांचे व्यवहार व खाजगी संदेश सुरक्षित ठेवण्यासाठी तिचा उपयोग करण्यात आला आहे. या प्रकारच्या अडीचशे अंकी एका संख्येची फोड २०२० मध्ये करण्यात आली पण तीस असंख्य संगणकांचे एकत्रित श्रम खर्ची पडले.

मूळ असणाऱ्या मेर्सेन संख्यांचा शोधही चालू राहिला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या १३,६२,७९,८४१ या घातांकाच्या संख्येने ज्ञात मूळ मेर्सेन संख्या ५२ झाल्या. ही संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे. अशा संख्या अनंत आहेत किंवा नाहीत, हा प्रश्न मात्र मेर्सेन यांच्या काळाप्रमाणेच अनिर्णित आहे.